दहा ओळखीचे पाहुणे

"सतरा नंबर कुणाचा?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

सतरा नंबर कुणाचा हे खोलीतल्या सहाही बायकांना ठाऊक होतं. साहेबांना तर होतंच. तरी त्यांनी विचारलं, आणि तेवढ्यावरूनच काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना कळलं. सतत बोलते म्हणून टकळी नाव पडलेल्या बाईची टकळी थांबली नाही, पण आवाज खाली आला.

"माझा," दुर्बीण म्हणाली. हातातली बाटली तिने पांढऱ्या फळीसमोर पाच अंक मोजून पुरी बघितली, उजवीकडे ठेवली आणि मगच उठली.

दुर्बीण हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एकोणीस वर्षांपूर्वी, कामाला लागून आठवडा झाला नव्हता तेव्हा, तिने एका बाटलीत पापणीच्या केसाहून बारीक धागा शोधला. तेव्हाचा मुकादम म्हणाला, "ही बाई आहे की दुर्बीण?" झालं. मुकादम गेला, त्याच्या जागी दोन साहेब आले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी नवरासुद्धा काही हरवलं की म्हणायचा, "दुर्बीण कुठाय? बघ गं जरा."

कारखाना इंजेक्शनच्या औषधाचा. औषध भरून, सील लावून बाटल्या या खोलीत यायच्या. सहा जागा, सहा दिवे, प्रत्येक दिव्याखाली एक फळी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. बाटली मानेशी धरायची, एकदा हळूच फिरवायची, काळ्यासमोर पाच अंक, पांढऱ्यासमोर पाच अंक. काळ्यावर पांढरा तंतू दिसतो, पांढऱ्यावर काळा केस दिसतो. काचेचा पापुद्रा मात्र लबाड. तो दोन्हीकडे पाण्यासारखा बसून राहतो, फक्त बाटली फिरते त्या क्षणी निमिषभर चमकून जातो. तेवढ्यात धरला तर धरला. चांगली बाटली उजवीकडे, वाईट डावीकडे. शंभरांचा ट्रे झाला की कागदावर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. दिवसाला अकरा-बारा ट्रे, डोळ्यांत तेल घालून.

आणि रोज पाहुणे यायचे. सहा वर्षांपूर्वी मुद्दाम दहा खराब बाटल्या बनवल्या होत्या. एकात केस, एकात कापूस, एकात रबराचा कण, असं एकेक. साहेब सकाळी त्या दहा बाटल्या चांगल्या मालात गुपचूप मिसळायचे. कुणाचे डोळे उघडे आहेत आणि कुणाचे नुसतेच उघडे दिसताहेत हे कळावं म्हणून. संध्याकाळी दहाच्या दहा गोळा व्हायच्या, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून कपाटात जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मालात यायच्या. बायकांनी त्यांची बारशी केली होती. केसवाली ती मिशी. रबरवाली ती मुंगी. दोन काळे कण एकमेकांना चिकटलेले, ते नवरा-बायको. "अगं, मिशी आली बघ माझ्याकडे," कुणीतरी म्हणायचं. दहावा सापडला की टकळी विचारायची, "जेवले का सगळे पाहुणे?" आणि "जेवले" म्हटलं की सहाही पाठी जरा सैल पडायच्या. भिंतीवर एक पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, "न सापडलेले पाहुणे: ०". ते शून्य पाच वर्षांत बदललं नव्हतं.

साहेबांच्या टेबलावर एक पत्र होतं.

"एका इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डातून आलंय," ते म्हणाले. साहेब तिच्या मुलाच्या वयाचे होते आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. "तिथल्या नर्सने औषध सिरिंजमध्ये ओढायच्या आधी बाटली उजेडात धरली. आत पापुद्रा. काचेचा. खोक्यासोबतच्या कागदावर तुमचा शिक्का."

"टोचलं नाही ना?"

"नाही. थांबली ती वेळेवर."

दुर्बीण खुर्चीत बसली. बसा म्हणायच्या आधीच.

"केवढं मूल होतं?"

"ते लिहिलेलं नाही. ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नियम असा आहे, ज्याचा शिक्का त्याची नजर तपासायची. उद्या दहा वाजता. एक ट्रे, शंभर बाटल्या, त्यात आपले पाहुणे. नऊ सापडले की पास. वरच्या बाई येतील, त्यांची सही लागते. मग मी लिहून टाकतो की तपासणाऱ्याची नजर चोख, पापुद्रा मागाहून, वाहतुकीत सुटला असणार. विषय संपला."

"आणि नाही सापडले नऊ तर?"

"तर खोकी विभाग. पण ते कशाला बोलायचं?" साहेब हसले. "तुम्हाला नाही सापडणार? ताई, तुम्ही डोळे मिटून काढाल."

ती उठून जागेवर आली. पण ते शेवटचं वाक्य तिच्यामागोमाग आलं आणि शेजारी स्टूल ओढून बसलं.

जेवणाच्या सुट्टीत टकळी डबा उघडायच्या आधीच तिच्याकडे सरकली. "काय म्हणाले?"

तिने सांगितलं.

"मग रडायला काय झालं? पाहुणे काय आज ओळखतेस का तू? त्या मिशीला तर मी माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त वेळा बघितलंय."

"त्याची मिशी काढली होती ना गं त्याने मागच्या वर्षी?" तिसऱ्या दिव्यावरची म्हणाली. "चार दिवस पत्ता नव्हता तुला."

"चार नाही, तीन. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच सांगितलं." टकळीने घास मोडला. "अगं, समोर बसून जेवतो, मी भात वाढतेय, आणि हा म्हणतो, काही दिसतंय का. मी म्हटलं, मीठ कमी पडलंय का?"

सगळ्या हसल्या. दुर्बीणही हसली, पण हसताना तिचा हात थांबला.

"तुला खरंच दिसलं नाही?"

"दिसलं नाही कसं? मिशीच दिसत होती. वीस वर्षं होती तिथे, जाणार कुठे?"

दुपारी कामाला बसल्यावर दुर्बीण स्वतःवरच पाळत ठेवून होती. चौथ्या ट्रेत मुंगी निघाली. पण बाटली दिव्याखाली यायच्या आधी, नुसती उचलतानाच, तिचा अंगठा सीलच्या कडेवर जरासा रेंगाळला होता. सातव्या ट्रेत नवरा-बायको आले. तेव्हाही तसंच. तिने ती बाटली परत खाली ठेवली, शेजारची उचलली, पुन्हा ती उचलली. नव्या बाटलीच्या सीलची कड धारदार होती, हातमोज्यातूनही कळत होती. पाहुण्याची कड सहा वर्षं पुसून पुसून गुळगुळीत झाली होती. अंगठा आधी सांगत होता, मग डोळा हो म्हणत होता. आणि अंगठा काही बोलला नाही, तर? तर डोळाही पाच अंक, पाच अंक मोजून उजवीकडे ठेवत होता.

दहावा पाहुणा सव्वातीनला सापडला. "जेवले सगळे," कुणीतरी म्हणालं. दुर्बिणीने आपली पाठ सैल पडताना पकडली, चोर पकडावा तशी.

घरात शिरताना पायरीवर नेहमीसारखी शांतता होती. म्हणजे परक्या माणसाला ती शांतता वाटली नसती. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, समोरच्या खोलीत भिंतभर सतरा-अठरा घड्याळं टिकटिकत असायची. नवीन माणूस आला की कपाळाला हात लावायचा. घरच्यांना त्यातलं काही ऐकू येत नसे.

आतल्या खोलीत सून सतरंजीवर बसली होती आणि तिच्या पुढ्यात नऊ महिन्यांची ठमी. सूनबाई एका बालवाडीत शिकवायची. बाळंतपणाच्या रजेत तिने पुठ्ठ्याचे पत्ते कापून स्वतःच्या हाताने चित्रं काढली होती.

"आई, चहा ओट्यावर झाकून ठेवलाय. आधी इकडे या, गंमत बघा."

दुर्बीण हात धुऊन बसली. सुनेने पहिला पत्ता धरला. बदक. ठमीने डोळे विस्फारले, तोंडातून लाळ गळाली तरी तिला भान नाही. दुसरा पत्ता, तेच बदक. ठमी बघत राहिली, पण थोडंच. तिसरं बदक आलं तेव्हा तिला आपला अंगठा जास्त आवडला. चौथ्या वेळी तिने आजीकडे बघितलं. पाचव्या वेळी तर तोंडच फिरवलं.

"कंटाळली," आजी म्हणाली.

"थांबा आता." सुनेने सहावा पत्ता धरला.

ठमीचा अंगठा तोंडातून सुटला. ती पुढे झुकली, एक हात सतरंजीवर टेकून, आणि टक लावून बघायला लागली. बघते आहे, बघते आहे.

"का गं? तेच तर बदक आहे."

"तेच?" सून हसली. "नीट बघा ना."

दुर्बिणीने बघितलं. पिवळं बदक, लाल चोच, खाली निळं पाणी. सुनेने पत्ता तिच्या हातात दिला तेव्हा कुठे तिला दिसलं. बदकाला डोळाच नव्हता.

"बघा, नातीला दिसलं आणि दुर्बिणीला नाही," सून लाडाने म्हणाली. मग सासूचा चेहरा बघून गडबडली. "आई, अहो, सगळ्यांचंच असं होतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं आम्हाला. मन फार काटकसरी असतं. तीच वस्तू पुन्हा पुन्हा दिसली की म्हणतं, हे बघून झालंय, आता डोळ्यांना कशाला शिणवायचं? आणि मग जे तिथे असायला हवं तेच दाखवतं, आपल्या पदरचं घालून. बदक आहे म्हणजे डोळा असणारच. ठमीला अजून बदकाला काय काय असायला हवं हे पक्कं कळलेलं नाही, म्हणून ती खरं बघते."

"आणि मी?"

"तुम्ही ओळखता."

दुर्बीण पत्ता हातात धरून बसली. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, कोपऱ्यातलं मोठं बंद पडलं वाटतं."

"कशावरून?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"ऐकू आलं ना."

दिवसभर चालणारं घड्याळ ऐकू येत नाही, बंद पडलेलं येतं. हे तो तीस वर्षं म्हणत होता आणि तीस वर्षं ती हूं म्हणत होती. आज तिने हूं म्हटलं नाही. चहा निवला. ठमी रांगत आली आणि आजीच्या हातातला बिनडोळ्याचा पत्ता तोंडात घालायला लागली. गेल्याच आठवड्यात ताप होता म्हणून तिच्या इवल्याशा मांडीत सुई टोचली होती. तेव्हा आजीने सवयीने ती बाटली मागून घेऊन उजेडात धरली होती. नर्स म्हणाली होती, "आजी, कारखान्यात बघतात हो ते." आणि ती म्हणाली होती, "हो, मीच बघते." अशा तोऱ्यात म्हणाली होती.

जेवताना तिने सगळं सांगितलं. नवऱ्याचं म्हणणं एकच. "नऊ काढ आणि गप्प ये. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. खोकी दुमडायला जाणार का या वयात?"

"नऊ काढणं कठीण नाहीये हो."

"मग अडचण काय?"

"हीच."

सकाळी दहाला वरच्या बाई आल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख, केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक. साहेब होते. बाकीच्या पाच जणींचं काम थांबवलं होतं. दिव्याखाली ट्रे मांडला होता, शंभर बाटल्या, दहा रांगा.

"घ्या ताई, करा सुरुवात," साहेब म्हणाले.

दुर्बिणीने हात पुढे करून दिवा मालवला.

"अहो, काय करताय?"

"साहेब, काल तुम्ही म्हणालात ना, डोळे मिटून काढाल. बघते जमतं का." तिने डोळे मिटले. डावा हात पाठीशी धरला. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या रांगेवर ठेवला आणि सीलवरून सीलवर चालवत निघाली, जपमाळ ओढावी तसा. तिसऱ्या रांगेत अंगठा थांबला. बाटली उचलून डावीकडे. पुन्हा चौथ्या रांगेत. मग सहावीत दोन. टकळीने तोंडावर हात ठेवला. दहा रांगा संपल्या तेव्हा डावीकडे दहा बाटल्या होत्या.

तिने डोळे उघडले आणि दिवा लावला. "मिशी, मुंगी, नवरा-बायको, कापूस... मोजून घ्या बाई. दहात दहा. आता लिहा, नजर चोख."

साहेबांचा चेहरा उतरला. वरच्या बाईंनी एक पाहुणा उचलला, एक चांगली बाटली उचलली, दोन्ही सीलवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"हे किती दिवसांपासून माहीत होतं तुम्हाला?"

"हाताला पाच वर्षांपासून असेल. मला कालपासून." "बाई, पाहुणे आम्ही बघत नाही, ओळखतो. रोज तेच दहा. रोज तेच सापडतात. दहा सापडले की आमच्यातलं काहीतरी म्हणतं, झालं, आता काही नाही. आणि मग खरंच काही दिसत नाही. तो पापुद्रा ट्रकमध्ये सुटला नाही. तो माझ्या हातातून गेला. माझ्या डोळ्यांसमोर चमकला असणार आणि मी पाच अंक मोजून उजवीकडे ठेवला. त्या नर्सला दिसला, कारण तिने त्या दिवशी ती एकच बाटली बघितली."

"ताई, तुम्ही काय बोलताय कळतंय ना?" साहेब हळू आवाजात म्हणाले.

"कळतंय. मला खरी परीक्षा द्या. आम्ही कुणी न बघितलेले पाहुणे बनवा. किती आहेत ते सांगू नका."

"आणि नापास झालात तर?"

"तर झाले."

नवे पाहुणे बनवायला बाईंना दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत खोलीत टकळी तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र न राहवून फुटली. "शहाणी आहेस मोठी. सगळं सुरळीत चाललं होतं. आता आमच्याही परीक्षा होणार. माझे डोळे काय दुर्बीण आहेत?"

"माझेही नाहीत गं."

"मग कशाला उठाठेव?"

"तुझी धाकटी आजारी पडली तर सुई टोचशील ना?"

टकळीने हातातली बाटली पुन्हा काळ्या फळीसमोर धरली.

परीक्षेचा ट्रे आला. सगळी सीलं नवी कोरी. दुर्बिणीने अंगठ्याला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि अंगठ्याकडेही सांगायला काही नव्हतं. पहिल्या वीस बाटल्यांत काहीच सापडलं नाही. तेव्हा तिला घाम फुटला. कारण पाहुणा कसा दिसतो हेच माहीत नव्हतं, नुसतं बघायचं होतं. किती वर्षांनी ती नुसतं बघत होती. काच, पाणी, उजेड. प्रत्येक बाटलीचा तळ वेगळा होता हे तिला आज नव्याने कळत होतं. एकविसावी फिरवली आणि तळाशी काहीतरी निमिषभर पेटून विझलं. तिने ती डावीकडे ठेवली. दर दहा बाटल्यांनी ती डोळे मिटून थांबत होती. साहेब घड्याळाकडे बघत होते, बाई बघत नव्हत्या. एक ट्रे व्हायला पाऊण तास लागला.

डावीकडे नऊ बाटल्या होत्या.

साहेब सुटल्यासारखे हसले. "नऊ. नियमात नऊच लिहिलंय, बाई. पास."

"एकूण बारा होत्या," बाई म्हणाल्या.

"असतील. पण नियमात लिहिलंय, नऊ सापडले की पास. किती पैकी हे लिहिलेलंच नाही." साहेबांनी कागद पुढे सरकवला. ते तिच्या भल्यासाठीच बोलत होते, त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं. "बाई, एकोणीस वर्षं झाली यांना. तुमची सही तेवढी होऊ द्या."

बाईंनी पेन उघडलं. पण सही न करता त्यांनी दुर्बिणीकडे बघितलं.

चार वर्षं त्या कागदावर होती. सवयीचा दिवा, खिडकीजवळची जागा, शिक्का. दुर्बिणीने डावीकडच्या नऊ बाटल्या बघितल्या आणि मग उजवीकडच्या एक्याण्णव. त्यांत तीन होत्या. पुन्हा बघून सापडतील का, तिलाच ठाऊक नव्हतं.

"पास म्हटलं की काय लिहिणार?" तिने विचारलं.

"तेच, ठरलेलं. नजर चोख, वाहतुकीत..."

"मग पास नको."

"ताई!"

"बारात नऊ म्हणजे तीन गेले साहेब. तीन मुलं म्हणा. नियमात लिहिलं नसेल, मला मोजता येतं. पास म्हटलंत तर पत्राला उत्तर जाईल, कपाटातून पुन्हा मिशी निघेल आणि भिंतीवरचं शून्य तसंच राहील. नापास लिहा. पण का नापास तेही लिहा." तिने खिशातून शिक्का काढला आणि मुठीत धरला. "हा देते. पण आधी कागदावर येऊ दे. पाहुणे दर आठवड्याला नवे. किती आहेत ते कुणाला सांगायचं नाही. कधी एकही ठेवायचा नाही. आणि दर वीस मिनिटांनी डोळ्यांना सुट्टी."

"वीस मिनिटांनी? ट्रे किती कमी होतील माहितीये?"

"चार. मोजलेत मी."

"हे वरून मंजूर व्हायला लागेल."

"मी बसते."

ती खरंच बसली. मूठ मिटून, मालवलेल्या दिव्यासमोर, दुपारचे सव्वातीन होईपर्यंत. मध्ये बाईंनी बाकीच्या पाच जणींना त्याच ट्रेवर बसवलं. टकळीला पाच सापडल्या. तिसऱ्या दिव्यावरचीला सहा. कुणी हसलं नाही. टकळी आपल्या पाच बाटल्यांकडे बघत म्हणाली, "मिशीवाली असती तर..."

वरून मंजुरीचा कागद आला. दुर्बिणीने तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा खालच्या ओळीपासून वरपर्यंत. मग मूठ उघडली. तळहातावर सतरा आकडा उमटला होता, उलटा.

"गप्प बसला असतात तर चार वर्षं सुखात गेली असती," साहेब शिक्का घेताना म्हणाले. रागावून नव्हे.

"सुखात गेलीच असती, साहेब. तेच तर."

घरी नवरा दोन घड्याळं पुढ्यात घेऊन बसला होता. त्याने वर न बघता विचारलं, "नऊ सापडले?"

"सापडले."

"मग?"

"खोकी."

त्याने भिंग डोळ्यावरून काढलं. बराच वेळ तिच्याकडे बघितलं, पहिल्यांदा बघावं तसं. मग म्हणाला, "केस बरेच पांढरे झालेत गं तुझे."

"तीन वर्षं झाली त्याला."

खोकी विभाग त्याच खोलीच्या पलीकडे, मध्ये पातळ फळ्यांची भिंत. सोमवारी सकाळी तिथल्या म्हाताऱ्या बाईने तिला स्टूल दाखवलं. छापलेल्या सपाट पुठ्ठ्यांचा ढीग छातीपर्यंत होता. प्रत्येकावर तेच हसरं बाळ, तेच निळं अक्षर. "हे दुमडायचं, हे आत, हे वर. झालं खोकं. इथे काही तपासायचं नसतं हो, प्रेसमधून बघूनच येतं. नुसते हात चालवायचे. आठवड्यात सवय होईल."

"होईल ना," दुर्बीण म्हणाली.

तिने पाच-सहा खोकी दुमडली. मग तिला वाटलं काहीतरी चुकतंय, कसला तरी आवाज बंद पडलाय. तिने कान दिला. भिंतीपलीकडे टकळी बसत होती, पहिल्याच दिव्यावर, अगदी फळ्यांना लागून. एकोणीस वर्षं त्या बाईचं तोंड चालू होतं आणि आज पलीकडून काहीच येत नव्हतं. फक्त काच काचेवर टेकल्याचा बारीक आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

दुर्बीण तशीच ऐकत राहिली. मग तिने दोन्ही हात ढिगाखाली घातले, पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा उचलला आणि टेबलावर उलटा ठेवला. बाळ डोक्यावर उभं राहिलं, अक्षरं पाय वर करून.

"अहो, उलटे कशाला?" म्हातारी म्हणाली.

"मला असंच बघायचंय."

पहिला पुठ्ठा तिने उचलला, पाच अंक मोजले. उजवीकडे. दुसरा. उजवीकडे. जेवणाच्या भोंग्यापर्यंत तिच्या उजवीकडे खोक्यांची भिंत झाली होती. आणि डावीकडे, टेबलाच्या कडेला, एकच पुठ्ठा होता. त्यातल्या बाळाला एक डोळा छापलेला नव्हता.